मळीचा हिशेब होतो, मग कातड्याचा का नाही?

महाराष्ट्रात ऊस गाळपाला गेला की त्याच्या कणाकणाचा हिशेब मागितला जातो. साखरेचा तर होतोच. शिवाय चिपाडापासून किती वीज झाली, मळीपासून किती स्पिरिट निघाले, प्रेसमडचे, म्हणजे रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळाचे, काय केले, हेही सभासद वार्षिक सभेत उठून विचारतात. या हिशेबासाठी शेतकऱ्यांनी रस्ते अडवले, लाठ्या खाल्ल्या. मग केंद्राने साखर उद्योगासाठी नेमलेल्या रंगराजन समितीने सूत्र दिले आणि २०१३ साली राज्याने ऊसदराच्या विनियमनाचा कायदा केला. साखर, चिपाड, मळी आणि प्रेसमड यांपासून मिळणाऱ्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा ऊस पिकवणाऱ्याचा, असे त्यात ठरले. अंमलबजावणीवर आजही भांडणे होतात आणि ती व्हायलाच हवीत. पण माल पिकवणाऱ्याचा उपपदार्थांवर हक्क असतो, हे तत्त्व या राज्याने कायद्यात लिहून ठेवले आहे.

हेच तत्त्व बोकडाला लावून पाहू.

तीस किलोचा बोकड कापला की साधारण चौदा किलो मटण हाती येते. उरलेले सोळा किलो कुठे जातात? कातडे दोन किलोच्या आसपास. रक्त लिटरभर. मुंडी आणि चार पाय मिळून तीन-साडेतीन किलो. काळीज, फुप्फुस, गुर्दे, तिल्ली. पोटातला अर्धवट पचलेला चारा चार-पाच किलो. शिवाय आतडी, चरबी, शिंगे, खूर. आपल्याकडे यातले खाण्याजोगे फार वाया जात नाही, हे आधी सांगितले पाहिजे. मुंडी, पाया, वजडी, भेजा आणि कलेजी यांना गिऱ्हाईक असते, सोलापूर-कोल्हापूरकडे रक्तीही शिजते. गरिबाच्या घरात मटणाचा वास आला तो बहुधा याच भागांमुळे. प्रश्न खाल्ले न जाणाऱ्या भागांचा आहे. त्यांचे मोल शेळी पाळणाऱ्या बाईपर्यंत पोचत नाही, खाटकापर्यंत जेमतेम पोचते, आणि अलीकडे तर बरेचसे थेट नाल्यात किंवा गावाबाहेरच्या खड्ड्यात जाते.

माझे म्हणणे थोडक्यात असे. कातडे, हाड, आतडे, रक्त यांना किंमत आहे, आणि ती जनावर कापल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत ठरते. ते तास ज्यांच्या हातात असतात त्या माणसांना आपण स्वच्छ पाणी, छप्पर, मीठ आणि मान यांपैकी काहीही दिलेले नाही. म्हणून किंमत मरते. नुकसान त्यांचे होते, शेळी पाळणाऱ्याचे होते आणि नाल्याकाठी राहणाऱ्यांचेही होते.

तालुक्याच्या गावी रविवारी सकाळी खाटकाच्या गाळ्यामागे जाऊन पाहा. बोकड मागच्या पायांनी टांगलेला असतो. चांगला खाटीक सुरी फक्त पायापाशी आणि पोटावरच्या सरळ रेषेत चालवतो. पुढचे कातडे तो मुठीने सोडवतो. कातडे आणि मांस यांच्यामध्ये मूठ घालून दाबत दाबत खाली येतो आणि अंगातून सदरा काढावा तसे कातडे उलटे होऊन निघते. त्यावर सुरीचा एक ओरखडा नसतो. पण दुकानापुढे रांग लागलेली असते, हाताखालचा पोरगा नवखा असतो, त्याला मूठ घालायला वेळ नसतो. तो सुरीनेच सोलतो. एक-दोन ठिकाणी भोक पडते, चार-सहा ठिकाणी आतून खाच पडते. ती खाच त्या क्षणी दिसतही नाही. चामडे कमावून झाल्यावर दिसते आणि तिथेच त्याची प्रत घसरते.

सोललेले कातडे मग कोपऱ्यात टाकले जाते. रक्तात, शेणात, दुमडलेल्या अवस्थेत. आपल्या हवेत चार-सहा तासांत ते कुजायला लागते. केस सुटू लागले की ते चामड्याच्या कामाचे उरत नाही. त्याला वाचवायला काय लागते? धुवायला पाणी, पसरायला सपाट जागा, आणि वजनाच्या निम्मे मीठ. मांसाची बाजू वर करून मीठ चोळायचे, कडा आणि मानेजवळचा जाड भाग विसरायचा नाही, पाणी निथळू द्यायचे. दोन किलोच्या कातड्याला किलोभर जाडे मीठ. एवढेच. त्यानंतर ते आठवडे टिकते, ट्रकने चेन्नईला किंवा कानपूरला जाऊ शकते. पण गाळा आठ बाय दहाचा, नळाला पाणी सकाळी तासभर, आणि कातडे नेणारा माणूस आठवड्यातून एकदा येणार किंवा येणारही नाही, अशा ठिकाणी मीठ कोण लावणार?

मीठ न लावण्याला आज आणखी एक कारण आहे. कच्च्या कातड्याचे भाव पडले आहेत. दहा-बारा वर्षांपूर्वी बोकडाच्या चांगल्या कातड्याला दोनशे-तीनशे रुपये येत. बकरी ईदला मदरसे आणि धर्मादाय संस्था कातडी गोळा करत, त्यावर त्यांच्या वर्षाच्या खर्चाचा मोठा भाग निघे. आता पन्नास रुपये मिळाले तरी बरे, अशी स्थिती आहे, आणि पावसाळ्यात ईद आली तर फुकट न्यायलाही कोणी येत नाही. बूट आणि पर्स यांत कृत्रिम चामड्याने जागा घेतली, परदेशी मागणी उतरली, कानपूरच्या टॅनऱ्यांवर, म्हणजे चामडे कमावण्याच्या कारखान्यांवर, प्रदूषणामुळे बंधने आली, मीठ आणि मजुरी महागली. या सगळ्याचा एकत्र फटका साखळीच्या पहिल्या माणसाला बसला. पण भाव पडलेल्या बाजारातही बिनओरखड्याचे, मीठ लावलेले, प्रतवारी केलेले कातडे विकले जाते. भाव पडला की आधी खराब माल बाजारातून बाहेर जातो आणि आपला बहुतेक माल खराब आहे. तो तसा जन्माला आलेला नसतो, आपण त्याला तसा करतो.

हाडांची गोष्ट वेगळी आणि माझ्या मते अधिक बोलकी आहे. भारत वर्षाला तीन अब्ज डॉलरहून अधिक किमतीचे म्हशीचे मांस निर्यात करतो. जगातल्या मोठ्या निर्यातदारांत आपण आहोत. नियमाप्रमाणे ही निर्यात बिनहाडाच्या मांसाची असते. म्हणजे जनावराचे मांस बाहेर जाते आणि त्याचा सगळा सांगाडा देशातच राहतो. या हाडांचा चुरा करून तो पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवतात. खनिजे विरघळतात आणि मागे ओसीन नावाचा मऊ, लवचिक पदार्थ उरतो. तो चुन्याच्या निवळीत आठवडेच्या आठवडे ठेवून, धुऊन, गरम पाण्यात काढला की जिलेटिन मिळते. विरघळलेल्या खनिजांपासून डायकॅल्शियम फॉस्फेट बनते, ते कोंबड्यांच्या आणि गुरांच्या खाद्यात जाते. आपण औषधाची कॅप्सूल गिळतो तिचे कवच बहुतेक वेळा या जिलेटिनचे असते. छायाचित्राची फिल्म वापरात होती तेव्हा तिच्यावरही जिलेटिनचाच थर असे. म्हणजे तंत्र देशात आहे, कारखाने आहेत, मागणी आहे. मोठ्या निर्यात कत्तलखान्याचे हाड तिथवर पोचते, कारण तिथे ते एका जागी, टनांनी आणि स्वच्छ मिळते. तालुक्यातल्या चाळीस गाळ्यांचे हाड पोचत नाही. ते कुत्री ओढतात.

आतड्यांचेही तसेच. बोकडाचे लहान आतडे वीस मीटरच्या आसपास भरते. मेंढीच्या आतड्याच्या आतल्या थरापासून शस्त्रक्रियेचा विरघळणारा धागा होतो. कॅटगट म्हणतात तो हाच. युरोपात त्याच आतड्यात मांस भरून सॉसेज करतात. डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून हेपॅरिन निघते. डायलिसिसच्या यंत्रात रक्त गोठू नये म्हणून तेच देतात. गुरांच्या हृदयावरच्या पातळ आवरणापासून माणसाच्या हृदयाची झडप शिवतात. १९२२ साली पहिल्या मधुमेही मुलाला इन्सुलिन टोचले तेव्हापासून पुढे साठ वर्षे जगभरचे मधुमेही गुरा-डुकरांच्या स्वादुपिंडावर जगले. जिवाणूंकडून बनवलेले मानवी इन्सुलिन बाजारात आले ते १९८२ मध्ये. आणि गोरोचन, म्हणजे गुरांच्या पित्ताशयात क्वचित सापडणारा खडा, चिनी औषधांच्या बाजारात सोन्याहून महाग विकला जातो. आपल्या ढोलकीची, तबल्याची, वारीतल्या पखवाजाची पुडीही बोकडाच्याच कातड्याची. ही यादी मी जनावर कापण्याच्या समर्थनासाठी दिलेली नाही. जे आपण घाण म्हणून टाकतो त्यावर दवाखाना आणि देऊळ दोन्ही चालतात, हे लक्षात यावे म्हणून दिली.

रक्ताकडे मात्र पैशापेक्षा पाण्याच्या अंगाने पाहिले पाहिजे. कत्तलखान्याचे रक्त थेट गटारात गेले तर त्याचा प्रदूषणभार घरगुती सांडपाण्याच्या कित्येक शे पट असतो. नदीतला प्राणवायू ते संपवते, मासे मरतात. तेच रक्त वेगळे गोळा करून, शिजवून, वाळवले तर ऐंशी टक्क्यांच्या आसपास प्रथिने असलेली भुकटी होते, ती खताला आणि माशांच्या खाद्याला चालते. इथे नफा थोडा होईल, पण सांडपाण्याच्या प्रक्रियेचा खर्च किती वाचतो ते पाहावे. नगरपालिकेच्या अर्थसंकल्पात हा वाचलेला खर्च कुठेच दिसत नाही, म्हणून रक्त गोळा करणे हा नेहमी जास्तीचा खर्च वाटतो.

उपपदार्थांतून पैसा काढण्याचे टोकाचे उदाहरण शिकागोचे आहे. तिथल्या मांस कंपन्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांस जवळपास खर्चाच्या भावाने विकून नफा कातडे, चरबी, सरस, खत आणि औषधी ग्रंथी यांवर काढला. कामगारांचे त्यात जे हाल झाले ते जगाला ठाऊक आहेत. आणि मोल काढण्याचा हव्यास कुठे नेतो हे ब्रिटनने दाखवले. तिथे मेलेल्या गुरांच्या मांस-हाडांची भुकटी गुरांनाच खायला घातली गेली. १९८६ साली गुरांमधला नवा मेंदूरोग ओळखला गेला, १९८८ मध्ये तसे खाद्य देण्यावर बंदी आली, आणि १९९६ मध्ये तो रोग माणसातही उतरल्याचे सरकारला मान्य करावे लागले. लाखो गुरे मारून जाळावी लागली. तेव्हा काय वापरायचे आणि काय नष्टच करायचे, हे बाजारावर सोडता येत नाही. त्यासाठी पशुवैद्य लागतो, तपासणी लागते, नोंद लागते. आणि या तिन्ही गोष्टी रस्त्याकडेच्या गाळ्यात होऊ शकत नाहीत.

आता मूळ दुखण्याकडे येतो. हे सगळे आपल्याला माहीत असून आपण काही का केले नाही? मराठी समाजात मेलेल्या जनावराच्या मोलाची चर्चा नवी नाही, ती शंभर वर्षांची आहे आणि तिच्या केंद्रस्थानी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आहेत. १९२७ च्या महाडच्या परिषदेपासून त्यांनी आपल्या लोकांना मेलेली ढोरे ओढणे आणि मृतमांस खाणे सोडायला सांगितले. महारांनी गावोगाव ते काम टाकले. तेव्हा प्रतिष्ठितांकडून त्यांना अर्थशास्त्र शिकवले गेले. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी त्याची आठवण सांगितली. गावात वर्षाला इतकी ढोरे मरतात, त्यांची कातडी, शिंगे, हाडे, खूर विकून पाचशे रुपये येऊ शकतात, आणि हे काम सोडायला लावून आंबेडकर महारांचे नुकसान करीत आहेत, असा हिशेब ‘केसरी’त आला होता. त्यावर त्यांचे उत्तर असे होते की, एवढा फायदा असेल तर तो तुम्हीच घ्या. तुम्ही ढोरे ओढा, पाचशे रुपये मिळवा, वर आणखी पाचशे मी माझ्या खिशातून देतो.

उपपदार्थांच्या मूल्यावर मराठीत यापेक्षा नेमके कोणी काही बोलले आहे असे मला वाटत नाही. तो पाचशेचा आकडा खोटा नव्हता. कातड्याला, हाडाला किंमत होतीच. पण त्या हिशेबात काम करणाऱ्याची किंमत धरलेली नव्हती. ते काम वतनाने गळ्यात बांधलेले होते, ते करणाऱ्याला विहिरीवर पाणी नव्हते, देवळात जागा नव्हती. ज्या कामाला नकार देता येत नाही त्यातून किती उत्पन्न येते हे सांगणे म्हणजे बेडीचे वजन सांगून ती किती भारी धातूची आहे हे पटवणे. म्हणून आज कोणीही, मी धरून, कातड्याच्या आणि हाडाच्या मोलाची गोष्ट करायला लागला तर त्याला पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे की सोलणार कोण, आणि तुझा मुलगा हे काम करील का.

या प्रश्नाला कृतीने उत्तर देण्याचा प्रयत्नही महाराष्ट्रात झाला. गांधीजींनी १९३४ साली ‘हरिजन’मध्ये लिहिले की नऊ कोटी रुपयांचे कच्चे कातडे दरवर्षी देशाबाहेर जाते आणि त्यातले बरेचसे तयार मालाच्या रूपाने परत येते, हा पैशाचा तसाच बुद्धीचाही ऱ्हास आहे. वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय उभे केले, तिथे नैसर्गिक मरण आलेल्या जनावरांचेच कातडे कमावले जाई. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी, जातीने ब्राह्मण असून, मेलेली जनावरे स्वतः फाडली, आणि कणकवलीच्या गोपुरी आश्रमात ते काम चालवले. या माणसांबद्दल मला अपार आदर आहे. बाबासाहेबांच्या आव्हानाला हात घाण करून उत्तर देणारी सवर्ण माणसे बोटांवर मोजण्याइतकी, त्यातली ही दोन. पण ते व्रत राहिले. स्वातंत्र्यानंतर दुधाला संघ मिळाले, उसाला कारखाने मिळाले, कापसाला एकाधिकार खरेदी मिळाली. मेलेल्या आणि कापलेल्या जनावराच्या अवशेषांना गावपातळीवर काहीच मिळाले नाही. १९७४ साली चर्मोद्योग महामंडळ निघाले, ते संत रोहिदासांच्या नावाने आजही आहे. त्याचे काम कर्ज आणि विक्री यांत गुंतले. कच्चा माल जिथे जन्मतो त्या जागेपर्यंत ते आले नाही.

अलीकडच्या दहा वर्षांत तर ही साखळी भीतीनेही तुटली आहे. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे. त्या कायद्याच्या बाजूने आणि विरुद्ध बरेच बोलून झाले आहे. शेतकऱ्याच्या थकलेल्या बैलाला बाजारात जे चार पैसे येत, त्यात त्याच्या कातड्याचीही किंमत असे आणि ती गेली, एवढेच इथे नोंदवतो. पण नैसर्गिकरीत्या मेलेल्या जनावराचे कातडे काढायला कायद्याने बंदी नाही. तरीही ते काढायला आता कोण धजावेल? जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उन्याजवळ मोटा समढियाळा गावात मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना बांधून, रस्त्यात उघड मारहाण झाली. त्याचा निषेध म्हणून सुरेंद्रनगरला लोकांनी मेलेली जनावरे जिल्हाधिकारी कार्यालयासमोर आणून टाकली आणि हे काम यापुढे आमचे नाही असे बजावले. टेम्पोत कातडे आहे, ते कशाचे आहे, कुठून आणले, याचा पुरावा कोणाजवळच नसतो. तेव्हा मारहाण होण्यापेक्षा जनावर पुरलेले बरे, असे माणूस ठरवतो आणि त्याचे बरोबरच असते.

आणि याच काळात आपण कोल्हापुरी चपलेचा अभिमान मिरवतो. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर, अशा आठ जिल्ह्यांचा हा हक्क. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये एका बड्या इटालियन कंपनीने तशीच चप्पल कोल्हापूरचे नावही न घेता दाखवली, तेव्हा सगळा महाराष्ट्र पेटून उठला, आणि उठायलाच हवे होते. पण ती चप्पल ज्या चामड्याची होते ते कमावणारे ढोर समाजातले कारागीर किती उरलेत, हे त्या गदारोळात फार थोड्यांनी विचारले. त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. चुन्यात भिजवून केस काढलेल्या कातड्याची पिशवी शिवतात, ती तिवईला टांगतात, आणि तिच्यात बाभळीची साल आणि हिरडा यांचा काढा भरतात. काढा झिरपत राहतो, खालच्या भांड्यात पडतो, तो पुन्हा वरून ओततात. पिशवी उलटी करून दुसऱ्या टोकाने पुन्हा भरतात. सगळी प्रक्रिया महिनाभर चालते. मोठ्या टॅनऱ्यांत कातडे कमावायला वापरतात ते क्रोमियम त्यात नाही. पण कातडे चांगले मिळाले पाहिजे, आणि आता ते मिळवायला कोल्हापूरच्या कारागिराला चेन्नईच्या बाजाराकडे बघावे लागते. आपल्याच जिल्ह्यातली म्हैस मेली तर ती पुरली जाते आणि चपलेचे चामडे हजार किलोमीटरवरून येते.

या मांडणीवर एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो. अवशेषांना भाव आला की कत्तल वाढेल, असे प्राण्यांविषयी कळवळा असणारे लोक म्हणतात. म्हशीच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. निर्यातदार जनावराला किती भाव देऊ शकतो हे कातडे आणि पोटाचे भाग किती विकले जातात यावर थोडेफार अवलंबून असते. बोकडाच्या बाबतीत मला ते पटत नाही. रविवारचे मटण खाणारा कातड्याचा भाव विचारून खात नाही. कातडे फेकल्याने एकही बोकड वाचत नाही. फक्त एक जोडा जास्त प्लॅस्टिकचा होतो, कारण बाजारातले बहुतेक कृत्रिम चामडे म्हणजे कापडावर चढवलेले पीव्हीसी किंवा पॉलियुरेथेन. आणि ज्याला जनावराचे हाल कमी व्हावेत असे मनापासून वाटते, त्याने तर नीट चालणाऱ्या, तपासणी असलेल्या कत्तलखान्याचा आग्रह सगळ्यात आधी धरावा. रस्त्याकडेला, दुसऱ्या जनावरांच्या डोळ्यांदेखत कापणे हे क्रूर आहे आणि २००१ च्या कत्तलखाना नियमांनाही ते मंजूर नाही.

टॅनरीच्या प्रदूषणाचा आक्षेप खरा आहे. कानपूरला गंगेचे काय झाले ते झाकण्यात अर्थ नाही. तो आक्षेप टॅनरीच्या सांडपाण्याला लावावा, कातड्याला मीठ लावण्याला नव्हे.

मग करायचे काय? मुंबईतला देवनारचा कत्तलखाना १९७१ साली सुरू झाला, बकरी ईदच्या आठवड्यात तिथे लाखाहून जास्त बोकडांचा बाजार भरतो, आणि त्याच्या आधुनिकीकरणाची चर्चा मी कैक वर्षे ऐकतो आहे. मोठ्या शहराचे मोठे यंत्र होईल तेव्हा होवो. माझी मागणी तालुक्याच्या गावासाठी आहे. नगरपालिकेने एक छोटा, पक्क्या फरशीचा, चोवीस तास पाणी असलेला कत्तलखाना बांधावा. जनावर टांगायला हाताने फिरवायची का होईना पण साखळी-कप्पी असावी, म्हणजे खाटकाला वाकून, ओढून, सुरीने सोलावे लागणार नाही. शेजारी मिठाची खोली. रक्तासाठी वेगळी टाकी. पोटातल्या चाऱ्यासाठी गॅस संयंत्र. त्या गॅसवर मुंड्या भाजता येतात आणि वजडी धुवायला पाणी तापते. हे धुण्याचे काम बहुतेक ठिकाणी बायका करतात, उघड्या हातांनी, चुन्याच्या पाण्यात. त्यांच्या हातांचे हाल पाहिले तर हातमोजे आणि गरम पाणी ही चैन वाटणार नाही. ब्रुसेलोसिससारखे आजार जनावराकडून माणसाला होतात, म्हणून काम करणाऱ्यांची दरवर्षी तपासणी पालिकेच्या खर्चाने व्हावी. आणि हे चालवायला खाटकांची सहकारी संस्था असावी, ठेकेदार नको. ठेकेदार आला की कातड्याचा आणि हाडाचा पैसा गावाबाहेर जातो आणि मजुरी तेवढी गावात उरते.

मेलेल्या जनावरांसाठी दूध संघांना पुढे करावे. गावोगाव त्यांची डेअरी आहे, दररोज गाडी जाते, गाई-म्हशींना कानात बिल्ला आहे. जनावर मेले की बिल्ल्याच्या क्रमांकावरून नोंद, पशुवैद्याचा दाखला, आणि संघाच्या गाडीने ते केंद्रावर नेणे, एवढी व्यवस्था बसली तर कातड्याबरोबर कागद जाईल आणि टेम्पोचालकाला रस्त्यात कोणी अडवले तरी त्याच्या हातात उत्तर असेल. लम्पीच्या साथीत, २०२२ साली, जनावरे मेल्यावर त्यांची शास्त्रशुद्ध विल्हेवाट कशी लावायची याची धावपळ सगळ्यांनी अनुभवली. अशी केंद्रे असती तर रोगी जनावर वेगळे काढून नष्ट करणेही सोपे गेले असते. केंद्रावरचे काम पगारी असावे, यंत्रावर असावे, आणि त्याची जाहिरात सर्व जातींसाठी निघावी. त्यात एकाच वस्तीतली माणसे भरली जाऊ लागली तर केंद्र बंद करावे, इतक्या कडकपणे मी हे म्हणतो.

चर्मोद्योग महामंडळाने तीन कामे करावीत. मीठ लावलेल्या, बिनओरखड्याच्या कातड्याला किमान खरेदीभाव जाहीर करावा. बकरी ईदच्या आठवड्यात तरी तालुक्याला खरेदीची गाडी पाठवावी. आणि कोल्हापुरीच्या नावावर परदेशी कंपन्यांशी जे करार होतील, त्यांतला ठरलेला हिस्सा चामडे कमावणाऱ्यांच्या भट्ट्यांना, हौदांना आणि सांडपाण्याच्या सोयीला लेखी राखून ठेवावा. चप्पल शिवणाऱ्याचे नाव आता निदान घेतले जाते, कमावणाऱ्याचे अजून घेतले जात नाही.

राहता राहिला शेळी पाळणाऱ्या बाईचा वाटा. बाजारात तिचा बोकड अजूनही बहुतेक वेळा नजरेच्या अंदाजाने विकला जातो, वजनकाट्यावर नाही. बाजार समितीने जनावरांच्या बाजारात काटा सक्तीचा करावा, म्हणजे निदान हिशेबाला सुरुवात होईल. कत्तलखान्याच्या संस्थेत कातड्याचे, हाडाचे, आतड्याचे उत्पन्न स्वतंत्र खात्यात दिसू लागले की शेळीपालकांच्या गटांनी त्यातला वाटा जिवंत वजनाच्या भावात मागावा. उसाच्या शेतकऱ्याला हे मिळवायला काही दशके लागली, आणि त्याच्यामागे संघटना होती, आमदार होते. शेळीच्या मागे बहुतेक करून भूमिहीन बाई आहे. तिच्यासाठी ही मागणी ग्रामसभेत आणि विधानसभेत कोणीतरी लावून धरायला हवी, आणि ज्या पक्षांनी मळीचा हिशेब करून दाखवला त्यांना ती कशी लावून धरायची हे शिकवावे लागणार नाही.